हवेचा आणि पेट्रोलचा हिशेब

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी जातीच्या टॅक्सीने निरोप घेतला. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा शेवटच्या गाडीनेही पूर्ण केली होती. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी ही गाडी मुळात इटलीच्या फियाट ११०० ची भारतीय आवृत्ती. खाजगी मालकांकडे अशा काही गाड्या अजून आहेत. त्यांची निगा राखणाऱ्यांच्या तोंडी नेहमी एकच तक्रार असते : गाडी ओढत नाही, पेट्रोल फार पिते, तेव्हा मोठा कार्बोरेटर बसवावा का?

प्रश्न गॅरेजमधला असला तरी त्याचे उत्तर नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात सापडते. हे उत्तर शोधण्यात माणसांनी जवळजवळ शंभर वर्षे घालवली. त्या शोधाचीच ही हकीकत.

मुळात अडचण काय?

एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान पाऊण किलोच्या आसपास आणि एक घनमीटर हवेचे सुमारे १.२ किलो, हे लक्षात घेतले तर एका लिटर पेट्रोलसाठी जवळजवळ ९००० लिटर हवा लागते. विद्यार्थ्यांना हा आकडा सांगून पाहावा. गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण इंजिन बहुतांशी हवाच ओढत असते.

हे प्रमाण कायम राखले की काम झाले, असे मात्र नाही. जास्तीत जास्त शक्ती हवी असेल तर मिश्रणात पेट्रोल थोडे जास्त लागते, प्रमाण १२.५ ते १३ च्या घरात आणावे लागते. काटकसर हवी असेल तर १५.५ ते १६ पर्यंत जाता येते. थंड इंजिन सुरू करताना पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून त्या वेळी आणखी पेट्रोल द्यावे लागते. पेट्रोल जास्त असलेल्या मिश्रणाला आपण दाट म्हणू आणि कमी असलेल्याला पातळ. इंजिनाला क्षणाक्षणाला वेगळे मिश्रण हवे असते. ते कसे पुरवायचे, हीच खरी अडचण.

वाफेकडून फवाऱ्याकडे

कार्ल बेंझने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत यावर सोपा उपाय होता. एका भांड्यात इंधन ठेवायचे आणि त्याच्या पृष्ठभागावरून हवा ओढून घ्यायची. जाताना हवा वाफ घेऊन जाई. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बेंझची पत्नी बर्था आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला अशाच गाडीतून गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत व्हीसलोख गावी औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन हे इंधन विकत घेतले, आणि इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीला लावायच्या पिनेने ती साफ केली. कार्बोरेटरचा कचरा काढण्याची परंपरा इतकी जुनी आहे!

परंतु या भांड्यात एक मूलभूत दोष होता. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात आणि जड घटक मागे राहतात. त्यामुळे भरल्या भांड्यावर उत्तम चालणारी गाडी भांडे तळाशी आले की कुरकुरू लागे. हवामान थंड झाले की वाफ आणखी कमी.

वाफ गोळा करण्याऐवजी पेट्रोलचे बारीक थेंब उडवावेत, ही कल्पना यातून पुढे आली. हंगेरीतील दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी फेब्रुवारी १८९३ मध्ये अशा कार्बोरेटरचे पेटंट मागितले. जर्मनीतील विल्हेल्म मायबाखने त्याच वर्षी फवारा सोडणारा कार्बोरेटर तयार केला. एक फूलवाली फुंकणीने फुलांवर पाणी शिंपडत होती, ते पाहून हंगेरीच्या अभियंत्यांना कल्पना सुचली, अशी आख्यायिका सांगतात. वर्गात अशी गोष्ट सांगायला हरकत नाही, मात्र ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. तिने एक गोष्ट झाकली जाते. फवाऱ्याइतकीच महत्त्वाची होती ती तरंगत्या गोळ्याची टाकी. पेट्रोल आत आले की गोळा वर उचलला जातो आणि सुईसारखी झडप बंद करतो. पातळी ठरावीक उंचीवर राहते. संडासाच्या टाकीत आपण रोज पाहतो तीच ही युक्ती. पातळी स्थिर नसेल तर पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

अरुंद नळीचे कोडे

पेट्रोल वर ओढले जाते ते कशामुळे? हवेचा मार्ग एका ठिकाणी अरुंद केलेला असतो. या घशात पेट्रोलच्या नळीचे तोंड उघडते. अरुंद जागी हवा दाटीवाटीने जाते, म्हणून तिथे दाब वाढेल असे बहुतेक विद्यार्थी सांगतात. उलट तेथे दाब कमी होतो. कारण असे : अरुंद भागातून तेवढीच हवा जायची तर तिला वेग वाढवावा लागतो. वेग वाढायचा तर मागून पुढे ढकलणारे बल हवे, म्हणजेच मागचा दाब पुढच्यापेक्षा जास्त हवा. न्यूटनचा दुसरा नियम एवढेच सांगतो. टाकीतील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो, तो पेट्रोलला घशात ढकलतो.

डॅनिएल बर्नुलीचा द्रवगतीवरील ग्रंथ १७३८ चा. इटलीतील जोव्हान्नी बत्तिस्ता व्हेंचुरीने अरुंद नळ्यांवरील प्रयोग १७९७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्यापैकी कोणाच्याही मनात मोटारगाडी असणे शक्य नव्हते. अमेरिकेतील क्लेमन्स हर्शेल यांनी १८८७ च्या सुमारास पाण्याचा प्रवाह मोजण्यासाठी अशी नळी वापरली आणि तिला व्हेंचुरीचे नाव दिले. शोध आणि उपयोग यांत शतकाचे अंतर पडू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दोषावर तीन उत्तरे

साध्या कार्बोरेटरला एक खोड असते. ओढ कमी असताना पेट्रोलला नळीच्या तोंडापर्यंत चढावे लागते, म्हणून ते अपुरे येते. ओढ वाढली की घशातील हवा विरळ होते, पेट्रोल मात्र विरळ होत नाही. परिणामी इंजिनाची हवा वाढेल तसतसे मिश्रण दाट होत जाते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्सच्या बावेरे याने यावर उपाय काढला. त्याने दुसरे जेट जोडले. त्यात पेट्रोल केवळ गुरुत्वाने, एका ठरावीक छिद्रातून, उघड्या विहिरीत येई. ओढ कितीही वाढली तरी या जेटचा पुरवठा तेवढाच राही. म्हणजे वेगाबरोबर त्याचे मिश्रण पातळ होई. एक जेट दाट होणारे, दुसरे पातळ होणारे, आणि दोन्ही मिळून समतोल. झेनिथ कार्बोरेटर याच तत्त्वावर निघाले.

इंग्लंडच्या स्किनर बंधूंनी वेगळी वाट धरली. त्यांनी घसाच लहानमोठा होऊ दिला. हवा वाढली की एक दट्ट्या वर उचलला जातो आणि घसा रुंदावतो, त्यामुळे हवेचा वेग साधारण तोच राहतो. दट्ट्याला लावलेली निमुळती सुई त्याच वेळी पेट्रोलचे छिद्र मोकळे करते. हाच एस. यू. कार्बोरेटर. स्किनर घराण्याचा धंदा पादत्राणांचा होता. त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये दट्ट्याच्या जागी चामड्याचा भाता होता!

तिसरे नाव इटलीच्या एदोआर्दो वेबरचे. १९२३ मध्ये त्याने बोलोन्यात कारखाना काढला. एकाच कार्बोरेटरमध्ये दोन घसे बसवण्यासाठी तो प्रसिद्ध झाला. यातल्या एका रचनेत नेहमीच्या चालीला लहान घसा पुरतो आणि जोर हवा तेव्हा दुसरा उघडतो. १९४५ मध्ये युद्ध संपतासंपता वेबर बेपत्ता झाला, तो पुन्हा सापडला नाही. त्याचे नाव मात्र शर्यतीच्या गाड्यांवर अनेक दशके झळकत राहिले.

मोठा की लहान?

आता पद्मिनीच्या मालकाच्या प्रश्नाकडे वळू. या इंजिनाचे आकारमान १०८९ घनसेंटिमीटर. मिनिटाला ४८०० फेऱ्यांना त्याची कमाल शक्ती मिळते. चार फटक्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा हवा भरली जाते, आणि सिलिंडर पुरता भरत नाही. तो तीन चतुर्थांश भरतो असे समजू. तर मिनिटाला लागणारी हवा सुमारे १.९६ घनमीटर येते.

समजा, घशाचा व्यास २४ मिलिमीटर आहे. क्षेत्रफळाने भागल्यावर हवेचा वेग सेकंदाला सुमारे ७२ मीटर येतो. बर्नुलीच्या सूत्राने दाबातील घट सुमारे ३१०० पास्कल, म्हणजे ३२ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढी. ही ओढ भरपूर आहे. त्याच इंजिनाच्या १२०० फेऱ्या होत असताना पेडल पूर्ण दाबले, तर वेग चौथा हिस्सा आणि ओढ सोळावा हिस्सा, म्हणजे २ सेंटिमीटर उरते.

आता मोठ्या हौसेने ३४ मिलिमीटरचा घसा बसवला. क्षेत्रफळ दुप्पट, वेग निम्मा, ओढ पाव. १२०० फेऱ्यांना उरली ती अवघी अर्धा सेंटिमीटर! टाकीतील पेट्रोलची पातळी नळीच्या तोंडाखाली काही मिलिमीटर असते. तेवढे चढण्यातच बहुतेक ओढ संपते. जे पेट्रोल येते त्याचे थेंब जाड होतात. परिणाम असा की सिग्नल सुटल्यावर गाडी अडखळते. शर्यतीची गाडी कमी फेऱ्यांना क्वचितच चालते. रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ तिथेच असते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला इंजिनाच्या गरजेएवढाच, किंबहुना किंचित लहान कार्बोरेटर बरा.

सुरात आणणे

जाणकार मिस्त्री कार्बोरेटरला शेवटी हात लावतो. आधी झडपांमधील फट, प्लग, ठिणगीची वेळ आणि हवेची गळती तपासतो. ही क्रम पाळण्याची शिस्त प्रयोगशाळेतही लागते : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

त्यानंतर जेट. सोलेक्स किंवा वेबरच्या मुख्य जेटवर १२० असा आकडा असला तर छिद्राचा व्यास १.२० मिलिमीटर. त्याजागी १२५ चे जेट घातले तर व्यास चार टक्के वाढतो, पण क्षेत्रफळ साडेआठ टक्के. परीक्षा प्लग पाहून होते. काळी काजळी म्हणजे मिश्रण दाट, पांढुरका म्हणजे पातळ, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे ठीक. एस. यू. मध्ये दट्ट्या अगदी थोडा उचलून इंजिनाचा आवाज ऐकतात. फेऱ्या वाढून तशाच राहिल्या तर मिश्रण दाट, इंजिन बंद पडू लागले तर पातळ.

मुंबईत सुरात आणलेली गाडी महाबळेश्वरला नेली की हवा सुमारे १२ टक्क्यांनी विरळ होते आणि मिश्रण सुमारे ७ टक्क्यांनी दाट. घाटात गाडी दमते ती केवळ चढामुळे नव्हे.

तिसरा वाटेकरी

या सगळ्या हिशेबात कित्येक वर्षे दोनच पक्ष धरले जात : शक्ती आणि काटकसर. मिश्रण थोडे दाट ठेवले की इंजिन गुळगुळीत चालते, चालक खूष होतो. पण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या पेट्रोलमधून कार्बन मोनॉक्साइड हा रंग नसलेला, वास नसलेला विषारी वायू निघतो. तो चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला येतो. हा तिसरा वाटेकरी हिशेबात आला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक १४.७ च्या अगदी जवळच नीट काम करतो. एवढी अचूकता स्क्रू आणि कान यांना साधणारी नव्हती. १९७६ मध्ये धुरातील ऑक्सिजन मोजणारा संवेदक प्रथम मोटारीत आला, आणि पेट्रोलचे माप विजेच्या उपकरणांकडे गेले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नियमांनी नव्या दुचाकींतूनही कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार केला.

जुनी गाडी बाळगणाऱ्याने म्हणूनच ती सुरात आणताना धुराची तपासणीही करून घ्यावी. आणि शिक्षकांनी जवळच्या गॅरेजमधून एखादा टाकाऊ कार्बोरेटर मागून आणावा, धुऊन पुसून वर्गात खोलावा. तरंगता गोळा, सुई, घसा, आकडा कोरलेले जेट असे सारे हाताने चाचपता येते. आजच्या गाडीतील बंद डबीपुढे ही सोय राहिलेली नाही.