नवा टोस्टर : पहिली चाचणी ब्रेडविना

नवा टोस्टर घरी आला, की त्यात लगेच ब्रेड भाजण्याचा मोह होतो. मात्र, पहिली फेरी रिकामीच घ्यावी. टोस्टरच्या आतील तारा निक्रोम या निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूच्या असतात. अल्बर्ट मार्श यांना त्याचे अमेरिकी पेटंट १९०६मध्ये मिळाले. लालबुंद तापली, तरी ही तार सहसा गंजत किंवा तुटत नाही. नव्या टोस्टरमधील भागांवरचा तेलकट थर मात्र पहिल्या वेळी जळतो आणि थोडा वास व धूर येतो. खिडकी उघडी ठेवून एक-दोन फेऱ्या केल्यास तो नाहीसा होतो.

त्यानंतर मधला क्रमांक लावून एक स्लाइस भाजून पाहावी. सुमारे १४० अंश सेल्सिअसच्या पुढे शर्करा व अमिनो आम्ले यांच्या अभिक्रियेतून ब्रेडला खमंगपणा येतो. रंग सोनेरी होताच थांबावे. ब्रेड करपल्यास त्यात ॲक्रिलामाइड या अपायकारक द्रव्याचे प्रमाण वाढते.

स्लाइस अडकल्यास सुरी किंवा चमचा आत घालू नये. तारा उघड्या असतात आणि टोस्टर बंद दिसला, तरी प्लग लावलेला असेपर्यंत त्यांत वीज असू शकते. आधी प्लग काढावा, टोस्टर थंड होऊ द्यावा आणि मगच तो उलटा करून स्लाइस काढावी. जोडणी नेहमी अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच करावी. साठलेला चुरा पेट घेऊ शकतो. त्यामुळे तळाचा ट्रे नियमित रिकामा करणे हिताचे.