बिनविटाळाचा कागद

१९४७ च्या जून महिन्याचा छाप घेऊन अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातून चित्रकथांचा एक अंक बाहेर पडला. पानं ४८. किंमत १५ सेंट. त्या वेळी असले अंक १० सेंटला मिळायचे, म्हणजे हा दीडपट महाग. नाव 'ऑल-निग्रो कॉमिक्स'. आज हा 'निग्रो' शब्द आपण टाकून दिलाय, पण त्या काळी काळ्यांची स्वतःची वर्तमानपत्रंही तो मानानं वापरत. काढणारा काळा, लिहिणारे काळे, चितारणारे काळे, नायक काळे. आत त्यानं ठणकावून सांगितलं होतं की ह्यातली एकूण एक रेघ काळ्या चित्रकाराच्या हातची आहे. त्या देशात असं आधी कधी घडलं नव्हतं.

दुसरा अंक निघालाच नाही.

आणि आज? आज त्या एकुलत्या एक अंकाच्या ज्या थोड्या प्रती उरल्यात, त्या प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करून, वर गुणांची चिठ्ठी लावून हजारो डॉलरला विकल्या जातात. १५ सेंटपासून हजारो डॉलरपर्यंत हा कागद कसा गेला, ते मित्रांनो, आपण नीट बघितलं पाहिजे. कारण अंक आपणही काढतो.

काढणाऱ्याचं नाव ऑरिन एव्हान्स. जन्म १९०२. पेशानं बातमीदार. 'फिलाडेल्फिया रेकॉर्ड' ह्या गोऱ्यांच्या दैनिकात तो काम करायचा. काळ्या बातमीदाराला गोऱ्यांच्या दैनिकात सरसकट सगळ्या बातम्यांचं काम मिळणं ही त्या काळात नवलाचीच गोष्ट. १९४४ साली, महायुद्ध चालू असताना, अमेरिकेच्या फौजेत काळ्या सैनिकांना कसं वेगळं टाकलं जातं ह्यावर त्यानं लेखमाला लिहिली. हिटलरच्या वंशवादाशी लढायला निघालेली फौज, आणि तिच्यातच शिवाशिव! पुढं १९४७ मध्ये संप होऊन 'रेकॉर्ड' बंद पडलं. एव्हान्स बेकार झाला. त्यानं त्याच दैनिकातले जुने सहकारी गोळा केले, भांडवल उभं केलं आणि चित्रकथेला हात घातला.

चित्रकथाच का? कारण पोरं तेच वाचत होती. आणि त्यांत काळा माणूस कसा दाखवलेला असायचा? जाड ओठांचा, डोळे वटारलेला, बोबडं बोलणारा, गोऱ्या नायकाच्या मागं पिशव्या उचलत पळणारा. 'कॅप्टन मार्व्हल'च्या अंकात 'स्टीमबोट' नावाचं असं एक पात्र होतं. न्यूयॉर्कच्या शाळकरी पोरांचं एक शिष्टमंडळ थेट प्रकाशकाच्या कचेरीत गेलं, त्या पात्राचं चित्र मोठं करून संपादकापुढं धरलं आणि जाब विचारला. १९४५ साली ते पात्र बंद झालं. पोरं होती ती, शाळेतली. आपल्या ज्या मित्रांना वाटतं की निवेदन देऊन काय होतंय, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

एव्हान्सच्या अंकात 'एस हार्लेम' नावाचा गुप्तहेर होता, जॉन टेरेलनं काढलेला. 'लायन मॅन' त्याचा भाऊ जॉर्ज एव्हान्स ह्यानं काढला. हा लायन मॅन अमेरिकेत शिकलेला काळा शास्त्रज्ञ. संयुक्त राष्ट्रसंघ त्याला आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये पाठवतो, युरेनियमचा डोंगर राखायला. आता गोष्ट म्हणून ही फार थोर आहे असं मी म्हणणार नाही. एस हार्लेमच्या कथेतले गुंड झगमगीत कपडे घातलेले काळेच आहेत, आणि मधल्या विनोदी पानांवर तेच जुनं हास्य थोडं सौम्य करून घेतलंय. पण संयुक्त राष्ट्रसंघाचं नाव तिथं उगाच आलेलं नाही. त्याआधी एकच वर्ष, १९४६ साली, काळ्यांच्या नॅशनल निग्रो काँग्रेसनं आपली कैफियत राष्ट्रसंघापुढं मांडली होती. आणि तिच्याविषयी वाचून आपल्या बाबासाहेबांनी त्याच साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्यांना पत्र धाडून त्या निवेदनाच्या दोन-तीन प्रती मागवल्या होत्या. अस्पृश्यांनाही तो मार्ग धरता येईल का हे त्यांना बघायचं होतं. म्हणजे ती आशा तेव्हा इकडंही होती, तिकडंही होती. एव्हान्सनं ती पोरांच्या चित्रात ओतली.

दुसऱ्या अंकाची चित्रं तयार झाली होती. मग एव्हान्सला कागद मिळेना. नेहमीच्या दुकानदारानं अखबारी कागद द्यायला नकार दिला. दुसऱ्याकडं गेला, तिथंही नाही. वितरकांनी आणि मोठ्या प्रकाशकांनी मिळून त्याची कोंडी केली, असं पुष्कळांचं म्हणणं आहे. हे मात्र पक्कं, की त्याच सुमारास गोऱ्या प्रकाशकांनी काळ्यांसाठी म्हणून स्वतःचे अंक काढायला घेतले. १९४७–४८ मध्ये 'निग्रो हीरोज', १९५० मध्ये फॉसेट कंपनीचं 'निग्रो रोमान्स'. गिऱ्हाईक काळं चालतं, धनी काळा चालत नाही!

वाचताना 'मूकनायक' आठवल्याशिवाय राहत नाही. १९२० साली बाबासाहेबांचं ते पाक्षिक निघणार होतं तेव्हा 'केसरी'नं पैसे घेऊनसुद्धा त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. तिथं कागद अडवला, इथं जाहिरात. शाई, कागद, टपाल, वितरण ही सगळी नाकी कुणाच्या हातात आहेत ते बघा, म्हणजे कुणाचा अंक एकावरच का थांबतो ते कळेल.

आता बाजाराकडं वळू.

हे अंक टिकायसाठी छापलेलेच नव्हते. लाकडाचा लगदा करून बनवलेला सगळ्यांत हलका कागद. ह्या लगद्याला इंग्रजीत पल्प म्हणतात, त्यावरूनच तिकडच्या स्वस्त गोष्टींच्या मासिकांना 'पल्प' नाव पडलं. १८९६ मध्ये फ्रँक मन्सीनं आपलं 'आर्गसी' मासिक असल्या कागदावर, नुसत्या गोष्टींनी भरून काढलं, तेव्हापासूनची ही रीत. ह्या कागदात आम्ल असतं. ते आतल्या आत कागद खातं. आधी पिवळा, मग तपकिरी, मग हात लावला की भुगा. त्यात महायुद्धात सरकारनं रद्दी गोळा करायची मोहीम काढली आणि पोरांनी देशभक्तीपायी अंकांचे गठ्ठेच्या गठ्ठे देऊन टाकले. जे उरले ते चुकून उरले.

त्या उरल्यासुरल्यांची खरेदी-विक्री सुरू केली ती वाचकांनीच. १९६१ साली जेरी बेल्स नावाच्या प्राध्यापकानं 'आल्टर इगो' हे पत्रक काढलं, आणि त्याच वर्षी 'कॉमिकलेक्टर', ज्यात नुसत्या जाहिराती: हा अंक हवाय, तो विकायचाय. छापले कशावर म्हणाल तर स्पिरिटच्या ड्युप्लिकेटरवर. आपल्या सायक्लोस्टाइलच्याच भावकीतलं यंत्र ते, हँडल फिरवा नि कागद काढा. आज कोट्यवधीचा झालेला हा धंदा असा आपल्यासारख्याच हात काळे-निळे झालेल्या माणसांच्या खोलीत जन्मला. मग १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीटनं भावांचं पुस्तक काढलं. भाव छापला गेला की हौसेचा माल होतो. आणि माल झाला की प्रतवारी आलीच.

प्रतवारी काय असते ते गिरणीतल्या माणसाला सांगायला नको. घडीखात्यात कापड उजेडात धरतात, डाग बघतात, तुटलेला धागा बघतात आणि शिक्का मारतात: फ्रेश, सेकंड, फेंट, चिंधी. विणणाऱ्यानं किती पाळ्या केल्या, त्याच्या छातीत किती कापूस गेला, ते त्या शिक्क्यात नसतं. कॉमिक्सचंही तेच. ०.५ पासून १० पर्यंत गुण. पाठीच्या घडीवरची प्रत्येक सुरकुती मोजतात, कोपरा दुमडला का बघतात, पिना गंजल्या का बघतात, पानं पांढरी की मलईच्या रंगाची की तपकिरी ते नोंदवतात. गंमत म्हणजे ह्यांच्या भाषेत 'गुड' म्हणजे चांगला नव्हे. 'गुड'ला १० पैकी २ गुण! फाटका, मळका, तुकडा उडालेला अंक तो 'गुड'. त्याच्यावर 'व्हेरी गुड' ४ ला, 'फाइन' ६ ला, 'व्हेरी फाइन' ८ ला, आणि 'निअर मिंट' थेट ९.४ वर. खालच्याला गोड नाव द्यायचं आणि खालीच ठेवायचं, ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं तिचा नमुना बघायला मनुस्मृतीच उघडायला पाहिजे असं नाही.

२००० सालापासून अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी हे काम पैसे घेऊन करते. अंक धाडायचा. ते पानं मोजतात, गुण देतात, कडक प्लॅस्टिकच्या पेटीत सील करून परत धाडतात. पेटी फोडली की गुण रद्द. म्हणजे अंक आहे, पण वाचता यायचा नाही. कुणी फाटलेलं पान चिकटवलं, उडालेला रंग भरला, तर पेटीवर जांभळी चिठ्ठी लागते आणि भाव धाडकन पडतो. ठिगळ लावणाऱ्याला शिक्षा! ज्या घरात नवं घ्यायची ऐपत नसते त्या घरातच ठिगळ लावतात ना?

ह्या सगळ्याच्या मुळाशी एकच नियम आहे. ज्या अंकाला कमीत कमी हात लागले तो सर्वांत श्रेष्ठ. पोरानं उघडला, शेजारच्याला दिला, त्यानं भावाला दिला, की प्रत्येक हातासरशी गुण उतरले. स्पर्शानं विटाळ होतो हा सिद्धान्त इथं थेट पैशात मोजला जातो. बघा ना, हा बाजार असा की जिथं अस्पृश्य असणं ही सर्वांत मोठी लायकी!

आणि विटाळ आला की कूळही येतं. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात एडगर चर्च नावाच्या चित्रकारानं हजारो अंक विकत घेऊन घरातल्या कोरड्या, थंड खोलीत रचून ठेवले होते. १९७७ साली ते एका दुकानदाराच्या हाती लागले. अंक कोरे करकरीत. आज एखादी प्रत 'चर्च'च्या गठ्ठ्यातली आहे एवढं सांगितलं की तिचा भाव पटीनं चढतो. ह्याला ते लोक 'पेडिग्री' म्हणतात, म्हणजे कूळ, वंशावळ. चर्चच्या अंकांवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. त्या खुणांनी भाव वाढतो, कारण त्यानं कूळ सिद्ध होतं. आणि एखाद्या साध्या पोरानं आपलं नाव मुखपृष्ठावर लिहिलं तर गुण कापतात.

ज्यांनी बनवलं त्यांचं काय झालं? जेरी सीगल आणि जो शुस्टर ह्या गरीब ज्यू पोरांनी सुपरमॅन घडवला. १९३८ साली १३ पानांच्या गोष्टीसाठी १३० डॉलर हातावर ठेवून कंपनीनं सगळे हक्क लिहून घेतले. कोर्टकज्जे करून म्हातारपणी, १९७५ साली, वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर पेन्शन मिळाली, तीही वर्तमानपत्रांत बोभाटा झाला म्हणून. ज्या अंकात ती गोष्ट आली त्या 'ॲक्शन कॉमिक्स' पहिल्याची ८.५ गुणांची प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. ह्यातला एक सेंट तरी घडवणाऱ्याच्या वारसांना मिळावा असा नियम त्या लिलावात नाही. आणि ज्या अंकांत स्टीमबोटसारखी हिणकस चित्रं छापलीत ते अंकही गुण घेऊन ऐटीत विकले जातात. पाठीवरची सुरकुती दोष, पण पानावरचा अपमान दोष नाही. त्याला प्रतवारीत रकानाच नाही.

जाता जाता एक मजा. मार्व्हल कंपनीचा 'ब्लॅक पँथर' १९६६ च्या 'फँटास्टिक फोर' ५२ व्या अंकात आला. ओकलंडच्या क्रांतिकारकांचा पक्ष त्यानंतर काही महिन्यांनी निघाला. नाव सारखं झाल्यावर १९७२ मध्ये कंपनीनं आपल्या नायकाच्या तोंडून 'मी ब्लॅक लेपर्ड' असं वदवून घेतलं. त्याच १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी छाती पुढं काढून पँथर हे नाव घेतलं! कंपनीचं भय काही दिवसांत ओसरलं, जुनं नाव परत आलं. २०१८ ला सिनेमा आला नि त्या ५२ व्या अंकाचे भाव चढले.

एव्हान्स १९७१ साली वारला. २०१४ मध्ये तिकडच्या चित्रकथावाल्यांनी त्याचं नाव आयस्नर मानकऱ्यांच्या यादीत घातलं. पण खरं काम केलं ते ख्रिस रॉबिन्सन ह्या संपादकानं. त्यानं लोकांकडून पैसे गोळा करून त्या एका अंकाची ७५ वर्षांनिमित्तची नवी आवृत्ती छापली, आणि २०२४ मध्ये तिला आयस्नर पुरस्कार मिळाला. सील फोडल्याशिवाय न वाचता येणारी गोष्ट पुन्हा पोरांच्या हातात आली. मळायला, दुमडायला, फाटायला.

आपल्या अंकांचं काय? आपलेही अंक हलक्याच कागदावर निघतात. दोन पिना, स्टेन्सिलची शाई, पोस्टाचं तिकीट. वाचून झाले की ह्या खोलीतून त्या खोलीत, मग गावाकडं, आणि शेवटी रद्दीवाल्याच्या तराजूत. किती जुन्या अंकांचं आज नाव उरलंय, प्रत नाही. उद्या कुणी त्यांना पण पेट्यांत घालील, गुण देईल. त्याआधी ज्यांच्या घरी जुने अंक असतील त्यांनी पिना गंजल्या असतील तर काढून दोऱ्यानं टाके घालावेत. अंक ओलीपासून आणि उन्हापासून लांब ठेवावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नयेत, आत दमट धरतं. कुणी समासात शिवी लिहिली असेल, चहाचा डाग असेल, मुखपृष्ठावर वाचनालयाचा शिक्का नि चार जणांची नावं असतील, तर ती खोडू नका. अंक कुठल्या वस्तीत किती जणांनी वाचला ह्याचा तेवढाच पुरावा आहे. जमलं तर प्रत्येक अंकाची एक प्रत आपल्या विहारातल्या कपाटात ठेवा, आणि तिच्या मागच्या पानावर कुणाकडून आली ते तारखेसकट लिहा.