हजेरीपटाबाहेरची पोरं

इंग्लंडात सातवा एडवर्ड गादीवर होता तो काळ १९०१ ते १९१०. तिथले हेडमास्तर शाळेची रोजनिशी लिहीत. गोवर आला, बालवर्ग ओस पडला, शाळा बंद ठेवली. डांग्या खोकला, घटसर्प, सगळं नोंदलेलं. १९०७ साली कायदा झाला आणि शाळेतल्या पोरांची डॉक्टरी तपासणी सुरू झाली. म्हणून तिथला अभ्यासक आज बसून सांगू शकतो की कुठल्या जिल्ह्यात गोवर कधी शिरला.

मित्रांनो, आता आपल्याकडे या. आमचं पिशोर, तालुका कन्नड, तेव्हा निजामाच्या मुलखात. औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ला सुमारे ८ लाख २९ हजार होती, ती १९०१ ला ७ लाख २१ हजार उरली. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ होऊन गेला. उपाशी पोराला साधा गोवरही झेपत नाही. पण शाळेच्या कागदावर पोराचं दुखणं यायचं तर आधी पोर शाळेत हवं. आमची बहुतेक पोरं गावकुसाबाहेर, ढोरांमागे.

ब्रिटिश मुलखात तरी काय होतं? ७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या सरकारी शाळेत भिवाचं, आपल्या बाबासाहेबांचं, नाव लागलं. बसायला घरून नेलेलं गोणपाट. शिपाई वरून ओतील तेव्हाच पाणी. ज्याला शिवायचंच नाही त्याचा घसा कोण तपासणार?

आणि तरी आमच्या पोरांचा हात चालत होता! एकोणिसाव्या शतकात देवीची लस हातावरून हातावर जाई. टोचलेल्या पोराचा फोड आठव्या दिवशी फोडायचा आणि त्यातली लस पुढच्या पोराला टोचायची. असा हात द्यायला बहुतेक खालच्या जातीचीच पोरं मिळत. वरच्या जातीचे आईबाप कुरकुरत, यांची लस आमच्या पोरात नको. वासरावरची लस आली तेव्हा त्यांचा विटाळ मिटला. फोड सोसलेल्या पोरांची नावं मात्र कुठल्या इतिहासात आली नाहीत.

मग आपला इतिहास नाहीच का? आहे. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगाव, खानदेश. तो ब्रिटिश मुलूख. तिकडच्या तहसील कचेऱ्यांत जन्ममृत्यूची जुनी बुकं आहेत. गाव नमुना १४, कोतवाल बुक. जातीच्या दाखल्यासाठी आपण तीच उपसतो, नक्कल घेतो नि घरी येतो. मृत्यूची पानं कोण उलटतो? तिथं जात आहे, वय आहे, ताप-देवी-पटकी असं कारण आहे. गावाच्या मयताचा सांगावा आमच्या बापजाद्यांनी उन्हातान्हात वाहिला. त्यांच्या घरची मयतं मोजायचं काम आपलं.

हे जुनं उकरून काय करायचं, असं कोणी म्हणेल. देवी गेली, १९७७ ला देश देवीमुक्त ठरला. गोवर गेला नाही. २०२२ ला मुंबईत गोवंडीच्या दाटीतल्या झोपड्यांत त्यानं पोरं नेली. वस्तीनं रोग वाटला जातो, हे तेव्हाही खरं होतं.

तेव्हा वही घ्या, पेन्सिल घ्या. एक गाव, दहा वर्षं, पाच वर्षांखालची पोरं. महारवाड्यात किती, मांगवाड्यात किती, गावात किती. बेरीज करून आणा, इथं छापू.