दुष्काळ आणि मेद

मनमाड हे नाव उच्चारले की प्रवाशास आठवते ते जंक्शन. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या हमरस्त्यास येथे एक फाटा दौंडकडे फुटतो व दुसरा औरंगाबादमार्गे हैदराबादकडे. यांपैकी दौंडच्या फाट्याचा जन्म मोठ्या विपत्तीत झाला. 1876 ते 1878 या वर्षांत दक्षिणेत जो भीषण दुष्काळ पडला, त्यात अन्नान्न झालेल्या लोकांना कामावर लावून या मार्गाचे मातीकाम करविण्यात आले व 1878 मध्ये त्यावर गाडी धावू लागली. त्या काळी सर रिचर्ड टेंपल यांच्या नावाने कुप्रसिद्ध झालेली मजुरी म्हणजे दिवसाला एक पौंड, अर्थात सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर किरकोळ पैसे, एवढीच होती. तेवढ्यावर दिवसभर माती वाहावयाची.

आज त्याच मनमाडास भारतीय अन्न महामंडळाचे विस्तीर्ण धान्यकोठार आहे आणि गहू-तांदळाच्या वाघिणी तेथे येऊन रिकाम्या होतात. एका टोकाला ओंजळभर धान्यासाठी पाठ मोडणारा मजूर आणि दुसऱ्या टोकाला धान्याच्या थप्प्या, या दोहोंच्या मधल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्रातील मेदवृद्धीचा सारा इतिहास सामावलेला आहे. लठ्ठपणा हा केवळ सुबत्तेचा रोग आहे, ही समजूत सार्वत्रिक आहे. परंतु आपल्या प्रांतात तो भुकेचाही वारस आहे, हे या इतिहासावरून दिसून येते.

अतिस्थूल देहाविषयीची चिंता नवी नव्हे. चरकसंहितेत ज्या आठ प्रकारच्या देहांना निंद्य म्हटले आहे, त्यांत अतिस्थूल व अतिकृश हे दोन्ही येतात आणि या दोघांतही स्थूलाची अवस्था अधिक कठीण मानली आहे. आयुष्य घटणे, हालचाल मंदावणे, दुर्बलता, घाम व भूक-तहान यांचा अतिरेक हे दोष तेथे सांगितले आहेत. कारणे देताना अतिभोजन, व्यायामाचा अभाव व दिवसा झोप यांच्या जोडीला बीजाचा स्वभावही ग्रंथकाराने नमूद केला आहे. तरीही लोकव्यवहारात मेदाची भीती कधी रुजली नाही. ज्या मुलखात दर काही वर्षांनी पाऊस दगा देतो, तेथे अंगावर मांस असणे म्हणजे घरात कणगी भरलेली असणे. बाळाने बाळसे धरले की घर आनंदते, आणि सासरहून आलेली लेक अंगाने भरली असली तर ती सुखात आहे असे आईस वाटते. ही समजूत भाबडी असली, तरी शतकानुशतकांच्या अनुभवातून ती आली आहे.

स्थूलतेस मोजमाप लाभले ते एकोणिसाव्या शतकात. बेल्जियममधील गणिती अडोल्फ केतले यांनी 1832 मध्ये माणसाचे वजन हे त्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असे दाखविले. पुढे 1972 मध्ये अमेरिकेतील अँसल कीज यांनी त्या गुणोत्तरास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागिले की हा अंक मिळतो. पाश्चात्त्य देशांत तो 25 च्या खाली असला म्हणजे माणूस निर्धास्त समजला जाई.

हा निर्धास्तपणा आपल्याकडे फसवा ठरतो, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी उघडकीस आणले. त्यांचे व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, म्हणजे 22.3 होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्या ठायी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या ठायी 21.2 टक्के भरले. तराजूचा काटा दोघांविषयी एकच गोष्ट सांगत होता आणि देह मात्र दोन निराळ्या गोष्टी सांगत होते. यास्तव आशियाई लोकांसाठी सावधगिरीची मर्यादा 23 पर्यंत खाली आणण्यात आली.

ही चरबी कोठे साठते, यावर अनर्थ अवलंबून असतो. त्वचेखालील मेद तुलनेने निरुपद्रवी. पोटात, आतड्यांच्या भोवती व यकृतात साठणारा मेद मात्र रक्तात स्निग्धाम्ले सोडीत राहतो. त्यामुळे इन्शुलिनचा प्रभाव क्षीण होतो आणि रक्तातील साखर वाढू लागते. पाठोपाठ रक्तदाब, हृदयविकार, यकृताचे विकार व झोपेत श्वास अडकणे ही संकटे येतात. देहाच्या भाराने गुडघे झिजतात ते वेगळेच, आणि काही प्रकारच्या कर्करोगांचा धोकाही वाढतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेही 10 कोटी 10 लाख असल्याचा अंदाज निघाला. त्याच पाहणीत सर्वांगीण लठ्ठपणा 28.6 टक्के प्रौढांत आढळला, तर पोटाचा लठ्ठपणा 39.5 टक्क्यांत. म्हणजे अंगाने बेताच्या, परंतु पोटाने सुटलेल्या माणसांची संख्या या देशात लहान नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर शोधताना संशोधकांना पाळण्यापर्यंत मागे जावे लागले. पुण्यालगतच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची अपत्ये यांचा अभ्यास याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये सुरू केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन 2.7 किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे 3.5 किलो. पुण्याकडील बालकाचे स्नायू व पोटातील इंद्रिये लहान राहिली होती, परंतु चरबी मात्र त्या मानाने राखली गेली होती. दिसावयास कृश आणि आतून मेदस्वी असे हे मूल होय. त्याच रुग्णालयाच्या 1999 च्या दुसऱ्या एका अभ्यासात, जन्मतः लहान असून आठव्या वर्षी अंगाने स्थूल झालेल्या मुलांतच इन्शुलिनचा प्रभाव सर्वांत क्षीण आढळला.

हॉलंडमध्येही याचा एक दाखला आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने तेथील पश्चिम भागाची रसद तोडली व लोकांवर उपासमार ओढवली. त्या काळातील गर्भ पुढे एकोणीस वर्षांचे तरुण झाल्यावर तपासले गेले, तेव्हा गर्भावस्थेच्या पूर्वार्धात उपासमार सोसलेल्यांत लठ्ठपणा अधिक आढळला. भुकेल्या गर्भास जणू पुढील दुष्काळाची सूचना मिळते आणि तो साठा करावयास शिकतो. पुढे दुष्काळ न येता सुकाळ आला, तर तोच गुण अवगुण ठरतो. 1877 च्या मजुराचा उपवास थेट आजच्या पणतवाच्या पोटावर दिसतो, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु ज्या मुलखात माता पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिल्या, तेथील देहाने सुकाळासाठी तयारी केलेली नसते, एवढे खास.

आणि सुकाळ आला तो फार झपाट्याने. 1950 मध्ये प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना सुरू झाला व पुढे अशा कारखान्यांचे जाळे राज्यभर पसरले. 1972 च्या दुष्काळात लोकांनी परदेशी मिलो व सुकडीवर दिवस काढले. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबांतील माणशी महिना पाच किलो धान्याचा हक्क दिला. या व्यवस्थेने भूक हटविली, हे तिचे थोर पुण्य होय. मात्र बाजरीची भाकरी व हुलग्याचे कढण यांच्या जागी गहू, तांदूळ, साखर व तेल आले. 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 12.6 टक्के स्त्रिया स्थूल होत्या. 2019-21 मध्ये त्या 24 टक्के झाल्या आणि तरीही 18.7 टक्के स्त्रिया अतिकृशच होत्या.

श्रमही त्याच वेगाने घटले. मनमाडास अरुंद व रुंद रुळांची गाठ पडे, त्यामुळे एका गाडीचा माल दुसरीत चढविण्यास हमालांच्या पाठी लागत. एंजिनावरील फायरमन कोळसा ओढून घामाघूम होई. रूळ सारखे झाले, वीज आली. कष्ट वाचले, पण भूक मात्र पूर्वीचीच राहिली. लंडनच्या दुमजली बसगाड्यांविषयी जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखविले की, बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. चालकांच्या गणवेशाचे कमरेचे माप मुळातच मोठे होते, हेही पुढे 1956 मध्ये त्यांनीच प्रामाणिकपणे नोंदविले.

मग उपाय काय? पहिला उपाय साध्या फितीचा. शेवटची बरगडी व कटीचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सहज सोडून, पोटाचा घेर मोजावा. पुरुषाचा 90 व स्त्रीचा 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की वजन काहीही असो, सावध व्हावे. दुसरा उपाय आठवड्यास निदान दीडशे मिनिटे झपझप चालण्याचा व स्नायूंना काम देण्याचा. तिसरा पानावरचा: साखर, तळण व मैदा कमी, भाकरी, डाळी-उसळी व भाज्या अधिक. हे उपदेश कोरडे नव्हेत. चेन्नईच्या 2006 च्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांनी केवळ आहार-विहार सुधारला, तेव्हा त्यांचा मधुमेहाचा धोका सुमारे 28 टक्क्यांनी घटला.

परंतु सर्वांत मोठा उपाय घरातील मुलीच्या ताटात आहे. जी आज सर्वांच्या मागून, उरलेसुरले जेवते, तीच उद्याची माता होय. तिला वेळेवर, पुरेसे व सकस अन्न मिळाले, तर तिच्या पोटी येणाऱ्या बाळास साठा करण्याची धास्ती उरणार नाही. लठ्ठपणाविरुद्धची लढाई दवाखान्यातील तराजूवर सुरू होते, असे लोक समजतात. खरे पाहता ती कित्येक वर्षे आधी, स्वयंपाकघरातील पंक्तीत कोण अगोदर व कोण नंतर बसते, येथेच जिंकली अथवा हरली जाते.