गाठीची ओळख, पाण्याची साक्ष

सोनोग्राफीच्या अहवालात ‘यकृतात गाठ’ एवढे दोन शब्द दिसले, की घरातल्यांची झोप उडते. खरं तर अशा पुष्कळ गाठी निरुपद्रवी असतात. पण हे सांगायचं कशाच्या आधारावर? पूर्वी त्यासाठी बऱ्याचदा सुई घालून तुकडा काढावा लागे. आता ते उत्तर अनेकदा एमआरआय देतो. त्यामागची गोष्ट मी आज सांगणार आहे.

१९४६ मध्ये अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं, की प्रबळ चुंबकीय क्षेत्रातली अणुकेंद्रं ठरावीक रेडिओ लहरींना प्रतिसाद देतात. आपल्या शरीरात पाणी भरपूर, म्हणून हायड्रोजनही भरपूर. दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रात या लहरींची कंप्रता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ असते; तुमच्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या थोडी खाली!

१९७१ मध्ये रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या गाठी तपासल्या. त्यांत यकृताच्या कॅन्सरचीही गाठ होती. लहरी थांबल्यावर तिच्यातलं पाणी पूर्वस्थितीला यायला निरोगी यकृतापेक्षा जास्त वेळ घेत होतं. म्हणजे यकृत या गोष्टीत पहिल्यापासून आहे. पण हे मोजमाप काढलेल्या तुकड्यांवरचं होतं. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्र जागोजागी कमीजास्त ठेवून पाण्याच्या नळ्यांचं चित्र मिळवलं. पीटर मॅन्सफिल्ड यांनी या तंत्राला वेग दिला. २००३ चं नोबेल या दोघांना मिळालं. वगळल्या गेलेल्या डमेडियन यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला.

त्या वादापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. एका आकड्यावरून कॅन्सर ओळखता येईल, ही आशा पुरी झाली नाही. हिमॅन्जिओमा ही रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी गाठ. पण तिच्यातलं पाणी तर बहुधा कॅन्सरपेक्षाही जास्त वेळ घेतं. मग डॉक्टर गाठीचं वागणं पाहू लागले. १९८८ मध्ये अमेरिकेत गॅडोलिनियमयुक्त औषधाला मान्यता मिळाली. ते शिरेतून टोचायचं आणि रक्ताबरोबर कुठे, केव्हा पोचतं ते पाहायचं. निरोगी यकृताला सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं, तर यकृतातच उपजलेल्या कॅन्सरला मुख्यतः धमनीतून. त्यामुळे असा कॅन्सर बहुधा आधी उजळतो आणि भोवतालच्या यकृताआधी फिका पडतो. हिमॅन्जिओमा मात्र कडेकडून सावकाश भरत जातो. पुढे, यकृताच्या पेशीच शोषून घेतात असं औषधही आलं. २००८ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

सिरॉसिसच्या रुग्णात ही उजळण्या-फिकटण्याची खूण स्पष्ट असेल, तर पुष्कळदा सुईची गरज राहत नाही. सगळ्याच शंका अशा मिटत नाहीत. काही वेळा तुकडा तपासावाच लागतो. पण ‘गाठ आहे’ हे ऐकून धीर सोडण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : ती वागते कशी?