छावा कुणी म्हणायचं?

परवा वसमत रोडला टपरीवर चहा घेत उभा होतो. शेजारी कॉलेजच्या चार पोरी. समोरून बुलेटवर एकजण गेला, तशी त्यातली एक हळूच म्हणाली, "काय छावा आहे गं!" झालं. बाजूचा एक पोरगा तापलाच. "ताई, हा शब्द असा वापरायचा नसतो. इतिहास माहीत आहे का?" पोरगी गप्प. चहा अर्धा टाकून चौघी निघून गेल्या.

तर मंडळी, इतिहासच बघू.

छावा म्हणजे पिल्लू. सिंहाचं, वाघाचं, हत्तीचं. संस्कृतात शाव, शावक, प्राकृतात छाव. संभाजी महाराजांचा जन्म 1657 चा, शब्द त्याच्या कितीतरी आधीचा. महाराजांशी तो आपल्या डोक्यात पक्का जोडला तो शिवाजी सावंतांच्या 1979 च्या कादंबरीनं. मराठवाड्यात छावा नावाची संघटना आली, आंदोलनं झाली. आणि 14 फेब्रुवारी 2025 ला सिनेमा आला, तेव्हापासून तर गाड्यांच्या काचांवर, नंबरप्लेटवर दुसरा शब्दच दिसेना.

पण याच काळात तो कट्ट्यावरही जगत होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही कॉलेजात होतो तेव्हा छावा म्हणजे देखणा, अंगानं भरलेला, चालण्यात ऐट असलेला पोरगा. हे बहुतेक पोरीच म्हणायच्या, तेही आपसात. पोरांनी त्याचं स्त्रीलिंग केलं, छावी. ते मात्र आपसात राहिलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीला ऐकू जाईल असं म्हणायचं. "त्याची छावी" म्हणजे त्याच्या मालकीची. त्या शब्दावर आजवर कुणी तापलेलं मी तरी पाहिलं नाही. आम्ही पण हसायचो, खोटं कशाला बोलू.

मोठी माणसं यापेक्षा सभ्य शब्द वापरायची, रुबाबदार. आपल्याकडं 1948 पर्यंत निजामाचं राज्य, कचेरीत उर्दू, त्यामुळं हा शब्द आपल्या जास्तच अंगवळणी. पण त्याचं अरबी मूळ बघा, रुअब म्हणजे धाक, भीती. म्हणजे ज्याची भीती वाटते तो देखणा! लग्न जमवताना आजही लोक कौतुकानं सांगतात, पोरगा रुबाबदार आहे.

आणि बाईनं पुरुषाच्या दिसण्यावर बोलणं हे काही मोबाईलनं आणलेलं खूळ नाही. गाथासप्तशती घ्या. पैठणच्या सातवाहनांच्या हाल राजाच्या नावावरचा ग्रंथ, भाषा महाराष्ट्री प्राकृत. त्यातल्या कितीतरी गाथा बायकांच्या तोंडच्या आहेत, आणि त्या पुरुषांबद्दल मोकळेपणानं बोलतात. पैठणची तीच गोदावरी पुढं आपल्या पाथरी, गंगाखेडला येते.

महाराजांबद्दलचा आदर मला समजतो. त्यांच्या नावानं टिंगल झाली तर मीही बोलेन. त्या पोरीनं टिंगल केली नव्हती, एका पोराला देखणं म्हटलं होतं.

ती गेल्यावर मी त्या पोराला विचारलं, "बाळा, छावी म्हणतोस का रे कधी?"

तो हसला. म्हणाला, "ते वेगळं आहे, सर."

सेलू, जिंतूर, पूर्णा, सोनपेठकडं देखण्या पोराला काय म्हणायचे? जुन्या बायकांना विचारून खाली लिहा.