जड भिंत, हलकी भिंत

मागच्या वेळी आपण महालातल्या वाड्यांपाशी थांबलो होतो, तिथूनच पुढे जाऊ. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे गेला, तरी जुन्या वाड्यात पाऊल टाकलं की जीव थंड होतो. विटामातीची रुंद भिंत तापायलाच संध्याकाळ होते आणि वरच्या कवेलूंतून हवा खेळत राहते. आपल्या लोकांनी गारवा मिळवला तो वजनातून.

या वजनाची दुसरी बाजू दिसली ती 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीत. तिकडची घरं माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती पसरायची, म्हणजे थर वाढतच जायचा. उन्हाळ्यात हीच माती घर थंड ठेवायची. धक्का 6.2 च्या आसपासचा, जगाच्या हिशेबात मध्यमच. पण भिंती फुटल्या आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास आठ हजार माणसं गेली.

मग वजनाशिवाय गारवा मिळेल का? हा प्रश्न अमेरिकेत वेगळ्याच कारणाने, थंडी आणि लाकडाच्या बचतीसाठी, विचारला गेला होता. मॅडिसनच्या सरकारी वनोपज प्रयोगशाळेने 1935 मध्ये एक घर उभं केलं. त्यात भिंतीची लाकडी कातडीच भार उचलत होती. फ्रँक लॉइड राइटनेही साध्या घरांसाठी अशा पातळ थरांच्या भिंती वापरल्या, पण त्या थंडी अडवत नव्हत्या. ती उणीव भरून काढली त्याचा शिष्य आल्डेन डाउ याने, 1952 मध्ये. दोन फळ्यांमध्ये त्याने फोम भरला. (वडिलांची रसायनांची कंपनी होती, फोम घरचाच!)

फोममध्ये असते अडकलेली हवा, तीच उष्णता रोखते. पण एक फरक लक्षात घ्या. मातीची भिंत ऊन पोटात साठवते आणि रात्री सोडते. पॅनेल साठवत काही नाही, नुसतं अडवतं. त्यामुळे खिडकी उघडी राहिली की दुपारची झळ सरळ आत. सांध्यात फट राहिली तरी तेच.

आपल्या जवळचं उदाहरण इंदूरचं. 1 जानेवारी 2021 ला तिथे 1,024 घरांच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्यात सिमेंट आणि फोमचे मणी भरलेली पॅनेलं आहेत. मात्र भार लोखंडी सांगाडा घेतो, पॅनेल फक्त भिंत. म्हणजे डाउच्या अर्थाने ते पूर्ण पॅनेलघर नव्हे.

आणि नागपुरात? घर बघायला आलेला पाहुणा आधी भिंतीवर बोटांनी ठोकून बघतो. पोकळ आवाज आला की चेहराच बदलतो. मग तो काय विचारतो ठाऊक आहे? "खिळा तर बसतो ना हो यात?"